बॅटरी बदलायची नाही, नाना

नोव्हाय, मिशिगन
भोगीचा दिवस

तीर्थस्वरूप नानाकाकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक. मुलं शाळेत, ही ऑफिसात आणि पिकअप दारात. संध्याकाळी मुलं आणि ही घरी येतात. पिकअप मात्र दारातून हलेल की नाही, हे पारा किती उतरला यावर ठरतं. गाडी ऐंशीच्या दशकातली. सेल्फ मारला की कण्हत कण्हत फिरतो, हेडलाइट पिवळट पडतात, आणि ब्रेक दाबला की पुढचे पार्किंगचे दिवे आपण होऊन मिणमिणायला लागतात. ही लक्षणं फोनवर ऐकून तुम्ही एका वाक्यात निकाल दिलात: बॅटरी बदलून टाक. हिचा निकाल त्याहून लहान: विकून टाका. शेजारच्या आजोबांचं म्हणणं, जाड केबल टाकावी. आणि थोरलीने मल्टीमीटर लावून, तो 'पीं' वाजला म्हणून, सगळ्या वायरी निर्दोष ठरवल्या आहेत. चौघांची मतं चार, पण मोजत बसण्यात अर्थ नाही यावर एकमत. थोरल्यांच्या शब्दाबाहेर जायची आपल्या घरात रीत नाही. तरीही नाना, बॅटरी मी बदलणार नाही, निदान आत्ता तरी नाही. का, ते सविस्तर लिहितो. पत्र लांबेल, पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही.

माझं म्हणणं असं. 'बॅटरीत व्होल्ट किती आहेत?' हा प्रश्न फारसा कामाचा नाही. काम चालू असताना ते वाटेत कुठे आणि किती खर्ची पडतात, हे विचारायला हवं. तुम्हाला हे सांगायची खरं तर गरज नाही, कारण तुमच्या विहिरीवरची मोटर लाइनीच्या शेवटच्या टोकाला आहे. मोटर बंद असताना पॅनेलवरचा काटा चारशेच्या पुढे ताठ उभा असतो आणि बटण दाबलं की खाली बसतो. त्याच वेळी डीपीशेजारच्या मळ्यात मोटर खुशाल पाणी उपसत असते. अशा वेळी तुम्ही 'डीपी बदला' म्हणत नाही. वायरमनला बोलावता, खांबावरचा सांधा बघायला लावता, आणि बहुतेक वेळा तिथेच काळी पडलेली तार सापडते. पिकअपमध्ये डीपी म्हणजे बॅटरी, मोटर म्हणजे सेल्फ, आणि मधली लाइन जेमतेम चार-पाच फुटांची. मळ्यात जो माणूस सांधा शोधतो, तोच गाडीच्या बॉनेटखाली वाकला की बॅटरी बदला म्हणतो, याचं मला नवल वाटतं. राग मानू नये.

आता आकडे. शिशाच्या बॅटरीत सहा घरं, प्रत्येक घराचे सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून भरलेली बॅटरी १२.६ दाखवते. मोठ्या आठ सिलेंडरच्या पेट्रोल इंजिनाचा सेल्फ ढोबळ मानाने दोनशे अँपियर ओढतो. गेओर्ग ओम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली छापलेला नियम आपण सगळेच शाळेत घोकलो: करंट गुणिले रोध म्हणजे व्होल्ट. वाटेत कुठे ०.००६ ओहम एवढा रोध आला, म्हणजे एका ओहमचे हजार भाग करून त्यातले सहा, तरी दोनशे अँपियरला तिथे १.२ व्होल्ट खर्ची पडतात. त्या एका सांध्यात २४० वॉट उष्णता होते. म्हणूनच सेल्फ मारून झाल्यावर हाताला चटका देणारा सांधा हा गुन्हेगार समजायला हरकत नाही. पुढे १८४५ साली किरखॉफने, विद्यार्थी असतानाच, हिशेब पुरा केला: फेरीत जेवढे व्होल्ट निघाले तेवढेच सगळीकडे मिळून खर्ची पडलेच पाहिजेत, एकही हवेत जात नाही. दुरुस्तीच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. ज्या घरात हिशेब जुळतोच अशी हमी आहे, तिथे चोर सापडायला फक्त दम धरावा लागतो.

यावर तुमचा आक्षेप मला इथूनच ऐकू येतो: 'पण नवीन बॅटरी टाकली की गाडी चालू होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.' बरोबर पाहिलंत. अर्थ मात्र वेगळा आहे. समजा जुनी पण बरी बॅटरी सेल्फ फिरताना १०.४ व्होल्ट धरून ठेवते, जाण्याच्या वाटेवर, म्हणजे बॅटरीपासून सेल्फपर्यंत, ०.२ आणि परतीच्या वाटेवर, म्हणजे इंजिनातून पुन्हा बॅटरीपर्यंत, १.२ जातात. सेल्फच्या हाती उरले ९. नवी बॅटरी १०.८ धरते, सेल्फला ९.४ मिळतात आणि तो जरा हुशारीने फिरतो. घरात टाळ्या. पण १.४ चा खड्डा होता तिथेच आहे, उलट करंट वाढल्याने किंचित खोल झालाय. तो जूनमध्ये दिसणार नाही आणि जानेवारीत पुन्हा दिसेल, कारण थंडीत बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास येते आणि इंजिनातलं ऑइल घट्ट झाल्याने सेल्फ जास्त करंट मागतो. (थंडीत तांब्याचा रोध कमी होतो, हे तेवढंच समाधान. पण सांध्यावरचा गंज तांब्याचा कित्ता गिरवत नाही.) शिवाय बॅटरी बदलताना मिस्त्री काय करतो बघा: दोन्ही टर्मिनलचे चिमटे सैल करतो, पिळून काढतो, पॉलिश पेपर मारतो, नव्या खुंटांवर घट्ट आवळतो. अनेकदा गाडी दुरुस्त होते ती या दहा मिनिटांच्या पान्याच्या कामाने, आणि पावती फाटते बॅटरीची.

थोरलीच्या 'पीं'कडे वळतो, कारण शिकलेल्या माणसांचा हा लाडका पुरावा आहे. मीटर रोधाच्या खुणेवर ठेवला, वायरीच्या दोन टोकांना पिना लावल्या, आवाज आला, म्हणजे वायर अखंड. अखंड आहे हे कबूल. पण भार पेलेल का? मीटर या तपासणीत वायरीतून मिलिअँपियरच्या हिशेबात करंट सोडतो. शंभर धाग्यांच्या केबलीत एकच धागा शिल्लक असला तरी तेवढा करंट आरामात जातो आणि मीटर आनंदाने वाजतो. त्याच केबलीतून दोनशे अँपियर मागा, मग तो एक धागा काय सांगतो ते बघा. बरं, रोध नीट मोजावा म्हटलं तर साधा मीटर एका ओहमच्या दहाव्या भागाखाली वाचत नाही, आणि त्याच्या स्वतःच्या पिनांच्या वायरींचाच रोध तेवढा असतो. सेल्फच्या वाटेवर दहावा भाग ओहम असेल तर दोनशे अँपियरला वीस व्होल्ट लागतील. बॅटरीकडे मुळात तेरासुद्धा नाहीत. म्हणजे ज्याला मीटर 'जवळजवळ शून्य' म्हणतो तेवढ्यात गाडी जागेवर मरते. व्होल्टच्या खुणेवर ठेवून नुसती बॅटरी मोजण्याचीही तीच कथा. त्या खुणेवर मीटरचा रोध सहसा दहा मेगाओहम असतो, तो बॅटरीकडे एक मायक्रोअँपियरच्या आसपास मागतो, आणि इतक्या मागणीला कोणीही उदार होतो. या बाबतीत आपल्या एसटी स्टँडमागचा ऑटो इलेक्ट्रिशियन जास्त शहाणा. त्याचा टेस्ट लँप म्हणजे होल्डरमधला एकवीस वॉटचा दिवा आणि दोन वायरी, पण तो पावणेदोन अँपियर खरोखर ओढतो. वाटेत रोध असेल तर दिवा मंद पेटून चुगली करतो. सेल्फच्या जाड केबलीला ही परीक्षा पुरत नाही, पण इंडिकेटर-ब्रेकलाइटच्या वायरींना अगदी पुरेशी आहे.

तर मोजायचं कसं, ते जवळून सांगतो, म्हणजे तुमच्या शेजारच्या दामूच्या जीपलाही उपयोगी पडेल. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, हातातली अंगठी काढून खिशात. अंगठी एकदा बॅटरीच्या खुंटात आणि बॉडीत अडकली की बोटासकट तापते. इंजिन चालू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची जोडणी सोडवायची. मीटर डीसी व्होल्टवर. तांबडी पिन बॅटरीच्या धन खुंटाच्या शिशात टोचायची, वर बसलेल्या चिमट्यावर नाही. नेमका खुंट आणि चिमटा यांच्यामध्येच चोर असू शकतो, आणि चिमट्यावर पिन टेकवलीत तर तुम्ही त्याला ओलांडून पुढे जाता. काळी पिन सेल्फच्या जाड स्टडवर. किल्ली फिरवण्याआधी मीटर जे काही दाखवेल त्याकडे ढुंकून बघायचं नाही. दुसऱ्या कोणी किल्ली फिरवली आणि सेल्फ चार-पाच सेकंद फिरला, की त्या वेळचा आकडा खरा. तो आकडा म्हणजे जाण्याच्या वाटेवरचा सगळा खर्च. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वाट बरी. मग तीच परीक्षा परतीची: एक पिन ऋण खुंटाच्या शिशात, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर रंग खरवडून उघड्या केलेल्या लोखंडावर. कुठल्याही बाजूचा आकडा मोठा आला तर वाटेचे तुकडे करत जायचं: खुंट ते चिमटा, चिमटा ते केबलीचं दुसरं टोक, टोक ते बोल्ट, बोल्ट ते ब्लॉक. एकेका जोडावर ०.१ पेक्षा जास्त नको, अख्ख्या केबलीवर ०.२ पर्यंत चालेल. या परीक्षेत शून्य मिळवणारा पहिला येतो, हे सवय नसलेल्या माणसाला पटत नाही, मीटरवर ०.०४ बघून 'काहीच दिसत नाही' म्हणून पिना आपटणारे लोक असतात. खुंट आणि चिमटा यांच्यात ०.४ आले तर खायचा सोडा पाण्यात कालवून ओतायचा, फेस थांबला की तारेच्या ब्रशने दोन्हीकडचं शिसं चकचकीत करायचं आणि पुन्हा मोजायचं. हा सगळा खर्च एका चहाच्या आत.

माझा खरा संशय परतीच्या वाटेवर आहे, आणि त्याला जुन्या पिकअपची घडण कारण आहे. मोटारगाडीचं अंग बहुधा एकसंध असतं. पिकअप म्हणजे खाली लोखंडी फ्रेम, त्यावर रबराच्या गाद्यांवर बसलेलं केबिन, मागे फ्रेमला बोल्टांनी आवळलेला हौदा, आणि रबराच्याच माउंटांवर टांगलेलं इंजिन. रबरातून वीज जात नाही. म्हणून कारखान्यातून निघताना बॅटरी ते ब्लॉक जाड केबल, आणि इंजिन, केबिन, फ्रेम यांना जोडणाऱ्या विणलेल्या तारेच्या पट्ट्या दिलेल्या असतात. चाळीस वर्षांत कोणीतरी इंजिन उतरवतं, चढवतं आणि एक पट्टी परत लावायला विसरतं. कोणी फ्रेम रंगवतं आणि पट्टीचा लग रंगावरच आवळतं. राहिलेलं काम इथलं मीठ करतं. हिवाळाभर रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ पसरतात. डेट्रॉईट शहराखाली हजार फुटांहून खोल मिठाची खाणच आहे, त्यामुळे टंचाईचा प्रश्न नाही. कोकणातल्या गाड्या खाऱ्या वाऱ्याने खराब होतात. इथे गाडीखाली चार महिने खारं पाणी उडत राहतं. ते केबलीच्या लगमधून आत शिरतं, आवरणाखाली तांबं हिरवं-काळं पडत जातं, आणि बाहेरून वायर नवरदेवासारखी ताठ. बोटांनी वाकवून बघितली तर आतून चुरचुरते.

परतीची वाट बंद झाली तरी वीज बसून राहत नाही, जी मिळेल ती वाट धरते, आणि मग गाडी चमत्कार दाखवायला लागते. इंजिनाची मुख्य अर्थिंग केबल खराब झाली की सेल्फचा करंट ॲक्सिलरेटरच्या नाहीतर गिअरच्या पोलादी वायरीतून परतू बघतो. ती वायर तापते, आणि माणूस ॲक्सिलरेटर घट्ट झाला म्हणून तेल सोडत बसतो. ब्रेक दाबल्यावर पुढचे दिवे मिणमिणतात, त्याचंही असंच आहे. मागच्या दिव्यात एकाच काचेत दोन तारा: एक रात्रीची मंद, एक ब्रेकची प्रखर. दोघींची अर्थिंग एकच, हौद्याच्या पत्र्यात बसलेल्या एका स्क्रूवर. तो स्क्रू गंजला की ब्रेकच्या तारेतून आलेला करंट अर्थिंगला न पोचता मंद तारेतून उलटा शिरतो, पार्किंगच्या वायरीने पुढे जातो आणि पुढच्या दिव्यांतून अर्थिंग गाठतो. डॅशबोर्डचे दिवेही त्याच वायरीवर असतील तर तेही उजळतात. भूत-खेत काही नाही. ऋण खुंटापासून दिव्याच्या होल्डरच्या पत्र्यापर्यंत, ब्रेक दाबून ठेवून मोजलं की दोन-तीन व्होल्ट समोर येतात आणि भूत उतरतं. त्याहून गमतीची गोष्ट पेट्रोलच्या काट्याची. टाकीतल्या तरंगणाऱ्या बोंडाला जोडलेला रोध टाकीच्या अर्थिंगवर अवलंबून असतो. फोर्डच्या १९८६ पर्यंतच्या गाड्यांत रिकाम्या टाकीला तो सुमारे ७३ ओहम आणि भरलेलीला १० च्या आसपास, म्हणून अर्थिंग गंजली, रोध वाढला, की काटा रिकाम्याकडे झुकतो. जनरल मोटर्सच्या त्या काळच्या गाड्यांत उलटं, रिकामीला शून्य आणि भरलेलीला ९०; तिथे तोच गंज टाकी भरलेली दाखवतो. एका कंपनीची गाडी उगाच चिंता करते, दुसरीची भर रस्त्यात दगा देईपर्यंत हसत राहते. आपल्या घराण्यात दोन्ही स्वभाव आहेत, नावं लिहीत नाही.

शेजारच्या आजोबांचा उपाय, जाड केबल, हा चौघांत मला सगळ्यात कमी चुकीचा वाटतो. बॅटरीच्या ऋण खुंटापासून केबिनला आणि फ्रेमला एकेक जादा अर्थिंगची वायर टाकली तर नुकसान काही नाही, फायदाच आहे, आणि खर्च किरकोळ. पण न मोजता टाकली तर दोन गोष्टी राहून जातात. जाण्याच्या वाटेवर खोट असेल तर अर्थिंगच्या दहा वायरींनी ती भरून निघत नाही. आणि जुनी कुजकी केबल जागेवरच राहते, पुढच्या मालकाला कोडं म्हणून. शिवाय जाड वायर जुन्या लगमध्ये खुपसून हातोडीने चेपणारे कारागीर दोन्ही देशांत आहेत. वायरीची जाडी दुप्पट झाली, पण रोध होता तो सांध्यात, तो होता तेवढाच राहिला. आजोबा ऐकतील अशी आशा नाही. त्यांच्या गॅरेजात जाड केबलीचं अख्खं रीळ आहे, आणि ज्याच्याकडे रीळ असतं त्याला सगळीकडे बारीक वायर दिसते.

हेडलाइटचं प्रकरण थोडं निराळं, कारण तिथे जाण्याची वाटही लांब आहे. त्या काळच्या पिकअपमध्ये हेडलाइटचा पुरा करंट बॅटरीजवळून निघून, इंजिनामागच्या भिंतीतल्या जोडणीतून केबिनात येतो, डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आणि डिमरच्या स्विचमधून फिरून पुन्हा पुढे जातो. डिपर उंच केल्यावर ६५ वॉटचे दोन दिवे म्हणजे दहा अँपियर. वाटेतले सगळे सांधे आणि स्विचचे झिजलेले पॉइंट मिळून ०.१३ ओहम झाले की १.३ व्होल्ट गेले. तुम्ही म्हणाल, बारा-तेरातला एक गेला तर बिघडलं काय? बिघडतं ते असं की तारेच्या दिव्याचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याच्या साधारण ३.४ व्या घाताने होतो. व्होल्ट दहा टक्के घटले की उजेड तीस टक्के घटतो. आपल्याकडे यावर शंभर वॉटचा बल्ब घालायची चाल आहे. त्याने करंट वाढतो, करंट वाढला की त्याच वाटेवर खर्च वाढतो, आणि शेवटी उजेडापेक्षा स्विचच जास्त तापतो. दोन रिले बॅटरीजवळ बसवून जुन्या स्विचला फक्त रिले ओढायचं काम दिलं तर दिव्यांची वाट हातभर होते. हा उपाय मला पूर्ण मान्य आहे, फक्त दिव्याची अर्थिंग आधी मोजून घ्यायची. कुजक्या अर्थिंगवर रिले बसवणं म्हणजे पैसे घालून तोच अंधार विकत घेणं.

'आमच्या विलीज जीपला असलं काही लागत नव्हतं' हे तुम्ही म्हणणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. लागत होतं, जास्तच लागत होतं. युद्धकाळातल्या विलीज सहा व्होल्टच्या. फोर्डच्या गाड्यासुद्धा १९५५ पर्यंत सहा व्होल्टच्याच होत्या, आणि त्यांची अर्थिंग धन टोकाची, १९५६ पासून बारा व्होल्ट आणि ऋण अर्थिंग आली. तेवढ्याच वॉटला सहा व्होल्टवर दुप्पट करंट लागतो. त्याच रोधात दुप्पट व्होल्ट जातात, आणि गाठीला मुळात निम्मेच असल्याने टक्केवारी चौपट होते. म्हणून त्या गाड्यांना बोटाएवढ्या जाड केबली होत्या, आणि हँडलही होतं. हँडलला व्होल्ट लागत नाहीत, हे मान्य.

एक गोष्ट अजून तुमच्या बाजूने जाते असं वाटेल, पण ती माझ्या बाजूची आहे. तुमचं म्हणणं, 'मग दर दोन वर्षांनी बॅटरी मरते कशी?' अल्टरनेटर ते बॅटरी ही वाटसुद्धा वाटच आहे. इंजिन चालू, दिवे आणि हीटरचा पंखा चालू, आणि अल्टरनेटरच्या मागच्या स्टडवर १४.४ असताना बॅटरीच्या खुंटांवर १३.६ च पोचत असतील, तर बॅटरी कधीच पुरी भरत नाही. अर्धपोटी राहिलेल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ती अकाली जाते. म्हणजे आठ दशांश व्होल्ट खाणारा सांधा बॅटरीला मारतो, मयताच्या चौकशीत कोणी त्याचं नाव घेत नाही, आणि दोन वर्षांनी तो नव्या बॅटरीच्या मागे लागतो.

हिच्या 'विकून टाका'ला मी घरात तोंडी उत्तर देत नाही. लेखी इथे देतो. पूर्ण आकाराच्या नव्या पिकअपला आज सहज पन्नास हजार डॉलर पडतात, आणि अर्थिंगची पट्टी, दोन लग, थोडं ग्रीस यांना पिझ्झ्याएवढे. नवी गाडी घेऊन हा प्रश्न सुटतो असंही नाही. नव्या गाडीत डझनावारी कंट्रोलर एकमेकांशी बोलत असतात आणि त्यातले कित्येक एकाच अर्थिंगच्या बोल्टावर बसलेले असतात. तो बोल्ट गंजला की ते सगळे मिळून खोट्या तक्रारी नोंदवतात, आणि सर्व्हिस सेंटरात एकेक कंट्रोलर बदलून बघायचा खेळ सुरू होतो. तिथे बिल करणाऱ्याला व्होल्टची गळती शोधण्यात रस असेलच असं नाही. जुन्या गाडीत निदान बॉनेट उघडल्यावर जमीन दिसते आणि हात आत जातो.

बॅटरीवर माझा आंधळा विश्वास आहे असं मात्र समजू नका. तिचीही परीक्षा घेणार आहे: तिच्यावर छापलेल्या थंडीतल्या अँपियरच्या निम्मा भार पंधरा सेकंद, एकवीस अंश तापमानाला, आणि त्यात ९.६ व्होल्टच्या खाली गेली तर ती गेली. तेव्हा मी नवी आणीन आणि तुमचं बरोबर होतं असं फोनवर, स्पीकर लावून, काकूच्या देखत सांगीन. पण आधी खुंट, चिमटे, पट्ट्या आणि तो हौद्यातला स्क्रू. बॅटरी सगळ्यांच्या शेवटी. दामूला वरची पद्धत समजावून सांगा आणि त्याच्या जीपचे दोन आकडे, जाण्याचा आणि परतीचा, मला कळवा. त्याने बॅटरीची ऑर्डर दिली असली तर थांबवता येते का बघा.

काकूला सा. न. मुलांचे आणि हिचे नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुमचा,
श्रीधर

ता. क. पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधायची काकूची सूचना मिळाली. एका लिंबात तांब्याची तार आणि जस्ताचा खिळा खुपसला तर सुमारे ०.९ व्होल्ट मिळतात. अशी चौदा लिंबं ओळीने जोडली की मीटरवर बरोबर १२.६ येतील आणि थोरलीचं पूर्ण समाधान होईल. सेल्फ मात्र त्यावर हलणार नाही. तेव्हा एकच बांधतो, आणि तेही अर्थिंगच्या बोल्टापासून लांब, कारण लिंबाचा रस त्याला मिठाइतकाच वाईट.